तारापोरवालाला कुलूप आहे, मग मुलांना मासे कुठे दाखवायचे?

चूक माझीच होती. निघण्याआधी चौकशी करायला हवी होती. पण मी गिरगावच्या चाळीत वाढलेली, तारापोरवाला मत्स्यालय म्हणजे घरचंच. ते कधी बंद असेल हे डोक्यातच आलं नाही. डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून चर्नी रोडला उतरलो, पूल ओलांडून मरीन ड्राइव्हला आलो, आणि समोर कुलूप. २०२० मध्ये कोविडमुळे बंद झालं ते बंदच. धाकटा सहा वर्षांचा. त्याला रात्रभर मी 'काचेच्या बोगद्यात डोक्यावरून मासे जातात' म्हणून सांगून ठेवलेलं. २०१५ च्या दुरुस्तीत बारा फुटांचा तो बोगदा बसवला होता. त्याने फाटकाबाहेरच बसकण मारली.

माझं बालपणीचं तारापोरवाला बोगद्याच्या आधीचं. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते उघडलेलं, अंधाऱ्या बोळासारखं, हिरवट उजेडाचं. वडील बोट धरून न्यायचे आणि प्रत्येक टाकीसमोर 'बघितलं? चला पुढे' म्हणायचे. पाऊण तासात आम्ही बाहेर. आता विचारलं तर मला त्यातला एकही मासा नीट आठवत नाही. शेंगदाण्याची पुडी तेवढी आठवते.

त्या दिवशी आम्हाला वाचवलं सासूबाईंनी. त्यांचं माहेर वरळी कोळीवाड्यातलं. त्यांनी कठड्याशी उभं राहून चौपाटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सुकती लागलीय. चला, मासे तिकडं हायत." सुकती म्हणजे ओहोटी. त्यानंतर आम्ही हा दिवस चार वेळा केलाय, दरवेळी थोडा सुधारून. आता तो बऱ्यापैकी बसलाय, म्हणून लिहिते. सकाळी चौपाटी, मग राणीची बाग, आणि संध्याकाळी मासळीबाजार. तिन्ही ठिकाणी काम एकच: एका जागी बसायचं आणि शंभर मोजायचे. का ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट म्हणजे दिवस ठरवताना सुट्टी नंतर बघायची, आधी तिथी बघायची. सासूबाईंचा हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती. भरती आणि ओहोटी यांच्यात सव्वासहा तासांच्या आसपास अंतर, त्यामुळे त्याच दिवशी पावणेनऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. मी पहिल्यांदा हे ऐकून हसले होते. मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं तर फरक अर्ध्या-पाऊण तासाचा. तरीही मुलं बरोबर असतील तर तक्ता बघाच. तिथी रविवार निवडायला आणि तक्ता घड्याळ लावायला.

आपल्याला हवा असतो अमावास्या किंवा पौर्णिमेपासून तृतीयेपर्यंतचा रविवार. या दिवसांत चंद्र-सूर्याची ओढ एकाच रेषेत असल्याने भरतीही मोठी आणि ओहोटीही मोठी, पाणी खूप आत जातं. शिवाय पूर्ण ओहोटी सकाळी सहा ते आठच्या दरम्यान येते, ऊन चढायच्या आत. अष्टमीला गेलात तर ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास आणि पाणी फारसं मागे हटलेलंच नाही. आम्ही एकदा तसे गेलो, घामाघूम होऊन भेळ खाऊन परत आलो. तक्त्यात ओहोटीची उंची मीटरमध्ये दिलेली असते. अर्धा मीटर किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसला की खुशाल निघावं. आणि जून ते सप्टेंबर हा विषयच काढू नये. पावसाळ्यात उधाण असतं, खडक शेवाळलेले असतात, आणि किनाऱ्याला जेलीफिश लागतात. गणपती विसर्जनाच्या दिवसांत गिरगावला जेलीफिश आणि पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, डसल्याच्या बातम्या येतात त्या खऱ्या असतात.

तर डोंबिवलीहून पाचच्या आतली लोकल. हो, मुलं कुरकुरतात. रात्रीच कपडे घालून झोपवा, आम्ही तेच करतो. दादरला बदलून पश्चिम रेल्वेने चर्नी रोड. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला तर तो साधारण अकराच्या पुढे सुरू होतो. जाताना अडचण नसते, येताना असते, ते डोक्यात ठेवा.

पायात जुने कॅनव्हासचे बूट हवेत. चप्पल नको, फ्लोटर्स तर अजिबात नकोत. खडकांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी असतात आणि घोट्याच्या वर कापतात. माझ्या नवऱ्याने ऐकलं नाही, त्याच्या टाचेवर अजून खूण आहे. चौपाटीचं पाणी स्वच्छ नाही हेही धरून चाला. कुणाला जखम असेल त्याने वाळूवरच थांबावं. पिशवीत गोड्या पाण्याच्या दोन बाटल्या, साबण, कोरडे मोजे. बादली, जाळी, काचेची बरणी घरी ठेवून यायची. मुलं मागतील. नाही म्हणायचं.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी वाळूवर पोचायचं, म्हणजे पाण्याच्या मागे मागे आत जाता येतं. आणि ओहोटीची वेळ झाली की अर्ध्या तासाच्या आत परत फिरायचं, कितीही गंमत चालू असली तरी. भरतीचं पाणी समोरूनच येईल असं नसतं. वाळूतल्या खोलगट पट्ट्यांमधून ते आधी आपल्या पाठीमागे भरतं. सासूबाई वाळूत एक काठी रोवतात आणि दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघतात. काठीच्या बुडाला पाणी लागलं की पदर खोचून हाका मारायला सुरुवात. मरीन ड्राइव्हच्या त्या चार पायांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर मात्र कुणीही चढू नये. तिथे बघण्यासारखं काही नाही आणि मधल्या फटीत माणूस अडकतो.

वाळूवर पाय ठेवल्या ठेवल्या खाली बघा. मुलं थेट पाण्याकडे पळतात आणि सगळ्यात मोठा खेळ तुडवून जातात. ओल्या वाळूवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी असते, मध्ये एक भोक आणि त्याभोवती किरणांसारख्या रांगा. जणू कुणी ठिपक्यांची रांगोळी काढायला घेतली आणि उठून गेलं. ती काढणारा खेकडा नखाएवढा असतो. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्यासारखं तेवढं गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून मागे टाकतो. आपण गेलो की तो भोकात. आता शंभर मोजायचे. बसायचं उकिडवं, तोंड सूर्याकडे, म्हणजे आपली सावली मागे पडेल. किनाऱ्यावरच्या जिवाला सावली म्हणजे पक्षी, आणि पक्षी म्हणजे मरण. बोलायचं नाही, मनात मोजायचं. पहिल्या खेपेला धाकट्याचे तीसच झाले आणि तो उठला. काही दिसलं नाही. दुसऱ्यांदा साठ-सत्तरच्या आसपास भोकाच्या तोंडाशी दोन डोळे आले, दांड्यावरचे. मग अर्धा खेकडा. शंभराला तो बाहेर येऊन दोन्ही नांग्यांनी भराभरा जेवत होता, आळीपाळीने, एक हात तोंडाशी गेला की दुसरा वाळूत. धाकटा माझ्या कानात म्हणाला, "आई, हा दोन्ही हातांनी जेवतो." घरी त्याला त्याच गोष्टीसाठी ओरडा बसतो.

वाळू संपून खडक लागतात तिथे डबकी असतात. एक डबकं निवडा, परातीएवढं पुरे. दहा डबकी पालथी घालू नका. पहिल्या मिनिटाला त्यात पाणी आणि शेवाळ सोडून काही दिसणार नाही. मग एखादा शंख चालायला लागेल. गोगलगाय घसरत जाते, आणि हा शंख खुरडत, झटके देत चालतो, कारण आत साधू खेकडा आहे. याचं पोट मऊ असतं म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो, अंग वाढलं की नवा मोठा शंख बघतो. मुंबईत भाड्याने राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. किनाऱ्यावरून रिकामे शंख उचलून आणायचे नाहीत ते यासाठीच, ती कुणाची तरी पुढची खोली असते. जिवंत शंखांना तर हातच लावू नये. कोन जातीचा शंख दिसायला देखणा असतो, आतल्या गोगलगाईचा डंख विषारी.

खडकाच्या अंगाला कधी कधी बटणं शिवल्यासारखे हिरवे-तपकिरी गोल दिसतात, एकाला एक चिकटून. आम्ही पहिल्यांदा ते शेवाळ समजून ओलांडलं. तो झोअँथिड नावाचा प्राणी, पोवळ्यांचा नातलग. पाण्याबाहेर असला की मिटलेला, पाण्याखाली असला की प्रत्येक बटणाला झालर फुटते. समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोनही तसंच. उघड्यावर जेलीचा गोळा, डबक्यात फूल. आणि ही मुंबईचीच मंडळी आहेत, कुठून आणलेली नाहीत. हाजीअलीजवळ पोवळ्यांच्या वसाहती होत्या. किनारा रस्त्याच्या कामात २०२० साली त्या उचलून कुलाब्याला नेव्हीनगरजवळ नेऊन बसवल्या. पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे तुकडा खिशात घालणं हा नुसता वेडेपणा नाही, गुन्हा आहे. हे सगळं नावानिशी ओळखायचं असेल तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' नावाचा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनारा-फेऱ्या काढतो. पहिल्या खेपेला त्यांच्याबरोबर गेलात तर उत्तम. आम्ही उलट क्रमाने शिकलो.

घोटाभर पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत पाकट असलंच तर त्याला हादरा कळतो आणि ते निघून जातं. अंगावर पाय पडला तरच शेपटीचा काटा मारतं. जेलीफिश लागलाच तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने अलगद काढायचे आणि डॉक्टरकडे जायचं. आमच्यावर अजून ती वेळ आलेली नाही.

हातपाय साबणाने धुवा, बूट पिशवीत, आणि गिरगावात शिरून पोटभर नाश्ता करा. कुठे ते मी सांगणार नाही, त्यावरून माझ्या माहेरी दोन तट आहेत.

मग टॅक्सीने भायखळा. राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, साडेनऊला उघडते आणि बुधवारी बंद असते. आम्ही गेलो तेव्हा आईवडील आणि दोन मुलांचं मिळून शंभर रुपये तिकीट होतं, सासूबाईंचे पन्नास वेगळे. आत गेल्यावर वाघ, पाणघोडा, कशाकडेही न बघता थेट पेंग्विनकडे चला. अकरानंतर तिथली रांग बघून मोठी माणसं रडकुंडीला येतात. मुलांना आधीच सांगून ठेवा की वाघ कुठे जात नाही.

पेंग्विन म्हणजे मासा नव्हे, हे थोरलीने मला दोनदा सुनावलंय. पण काचेपलीकडे पाणी आणि त्यात पोहणारा जीव, एवढं तारापोरवालाचं सुख इथे मिळतं. हे हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याचे. २०१६ च्या जुलैत सोलहून आठ आणले आणि मार्च २०१७ पासून लोकांना दाखवायला लागले. बर्फातले नव्हेत. तरी मुंबईचा उकाडा त्यांना झेपणारा नाही, म्हणून आत सोळा-अठरा अंश तापमान ठेवतात. समोरच्या काचेशी गर्दी करून सगळे फोन वर धरून उभे असतात. तुम्ही कडेला सरका, जिथे पाण्याची पातळी काचेवर दिसते. गर्दीमुळे बसता येत नाही, उभ्यानेच मोजा. फ्लॅश बंद.

पन्नासच्या आत कुणीतरी उडी मारतंच. आणि मग बघा, त्याच्या अंगामागे बुडबुड्यांची पांढरी रेघ उमटते. पिसांच्या दाट थरात हवा अडकलेली असते, ती पोहताना सुटत जाते. जमिनीवर ढेरपोट्या काकांसारखा डुलणारा प्राणी पाण्यात पंख मारत अक्षरशः उडतो. थोरलीचा खेळ वेगळा. प्रत्येकाच्या छाती-पोटावर काळे ठिपके असतात आणि दोघांचे ठिपके कधी सारखे नसतात. ती वहीत दोन-तीन जणांचे ठिपके काढून आणते आणि पुढच्या खेपेला तोच शोधते. एकदा तिला तिचा सापडला, त्या आनंदात ती वाघ बघायला यायला तयार नव्हती. धाकटा काचेला नाक लावून म्हणाला, केवढा मोठा आहे! त्याला तिथून वर, पाण्याबाहेर आलेला तोच पेंग्विन दाखवा. पाण्यातली वस्तू काचेतून जवळची आणि मोठी दिसते, हे पुस्तकातलं वाक्य तिथे एका क्षणात कळतं.

बाकी बाग तुमच्या पायांत जेवढी ताकद उरली असेल तेवढी. सासूबाई दारालगतच्या सावलीतच बसतात. शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासूनचं, छत बघण्यासारखं आहे, पण पहाटे उठलेली मुलं घेऊन संग्रहालयात शिरू नका. दोन वाजता घरी निघा. मेगाब्लॉकची गर्दी असेलच, मुलं मांडीवर झोपतात.

संध्याकाळी, झोपा झाल्यावर, शेवटचा भाग. हा मला सगळ्यात आवडतो आणि त्याला तिकीट नाही. तुमच्या स्टेशनजवळचा मासळीबाजार. मत्स्यालयात हात लावू देत नाहीत, इथे लावू देतात, फक्त आधी विचारायचं आणि थोडं तरी विकत घ्यायचं. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा बाजारात निम्मी गंमत असते. बाकी वर्षभर सोहळा.

सासूबाई इथे मास्तरीण होतात. पापलेट हातात देतात, २०२३ पासून तो आपला राज्यमासा, आणि म्हणतात, पोटाखालचे पर शोध. मुलं उलटसुलट करून दमतात. नसतातच ते. मग बांगडा घेऊन शेपटीच्या आधीचे बारके पर मोजायला लावतात, वर पाच, खाली पाच. बोंबलाचं तोंड उघडून दाखवतात. एवढा लिबलिबीत मासा आणि आत मागे वळलेल्या सुयांसारखे दात. धाकट्याने तेव्हापासून बोंबील खायच्या आधी दात काढलेत का ते विचारायला सुरुवात केलीय. मुशी, म्हणजे छोटा शार्क, मिळाली तर भाग्य. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला की गुळगुळीत, उलटा फिरवला की पॉलिश पेपर. थोरली एकदा पाच मिनिटं तेच करत उभी होती. ताजा मासा कसा ओळखायचा हेही यातच होऊन जातं: डोळा फुगीर, कल्ला लाल, बोट दाबलं तर खड्डा राहत नाही.

मागच्या खेपेला धाकटा एका पाटीपुढे उकिडवा बसला. पाटीत नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या होत्या, ओल्या गोणपाटाखाली. ओठ हलत होते, आवाज नाही. कोळीण बराच वेळ बघत राहिली. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, पोराला घ्यायचीय का नुसती मोजायचीय?"

"थांबा," तो मान न वळवता म्हणाला, "ब्याऐंशी झाले."